मान वळवू नका

रुतिकाला परीक्षेची भीती नव्हती, कॅमेऱ्याची होती.

उरणजवळ द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदी करायची. उरणच्या कॉलेजात बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू असताना लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. तिच्यानंतर लागलेल्या मुली पदवी आहे म्हणून वरच्या टेबलांवर गेल्या. रुतिका मात्र गेटच्या खिडकीशीच राहिली. तेव्हा नवरा, अंकुर, म्हणाला, "ऑनलाइन कर ना. घरी बसून होतं हल्ली."

घरी बसून झालंही. लेक्चरं ती बसमध्ये ऐकायची, असाइनमेंट सुट्टीच्या दिवशी अपलोड करायची. परीक्षाही घरीच, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. पलीकडे कुठल्यातरी शहरात बसलेला प्रॉक्टर, म्हणजे ऑनलाइन पर्यवेक्षक, पूर्ण वेळ बघत असायचा. नजर बाजूला गेली की इशारा. ओठ हलले की इशारा. मागच्या सेमिस्टरला सासूने चहा विचारायला दार ढकललं होतं, तर विद्यापीठाचं कडक पत्र आलं. पुन्हा खोलीत दुसरं माणूस दिसलं तर पेपर रद्द. तेव्हापासून पेपरच्या वेळी रुतिकाच्या मानेच्या शिरा आखडून जायच्या.

शेवटचा पेपर होता भरदुपारी. अंकुर बंदरावर ड्यूटीला गेलेला. सासू, चंदा, मुद्दाम बहिणीकडे उरणला गेली. जाताना म्हणाली, "मी घरान नाय, तर तुना कोन काय बोलनार नाय. निवांत लिव, बाय."

त्यांची बिल्डिंग नवीन होती आणि निम्मी रिकामी. त्या मजल्यावर तर राहणारे हे तिघेच. शेजारचा फ्लॅट कुणीतरी घेऊन कुलूप लावून ठेवलेला. त्याची ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्याभांड्यांची बाल्कनी, आणि यांची ड्राय बाल्कनी यांच्यामध्ये जेमतेम हातभर अंतर.

रुतिकाने मुख्य दाराचं लॅच लावलं, वरची कडीही घातली. फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवला. बेडरूमचं दार लोटलं, लॅपटॉप गोल फिरवून खोली दाखवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. मागे लोखंडी कपाट, त्याच्या बाजूला दार.

पेपर सोपा होता. दुसरा प्रश्न अर्धा टाइप करून झाला असेल, तेव्हा चॅटची चौकट उघडली.

"मॅडम, खोलीत तुम्ही एकट्याच हव्यात. मागे कोण आहे?"

तिला ते पत्र आठवलं. सासूबाई परत आल्या की काय? तिने घाईघाईने लिहिलं, "कोणी नाही. घरी मी एकटीच आहे."

"दार उघडलंय."

रुतिकाने कोपऱ्यातल्या चित्राकडे पाहिलं. लोटलेलं दार अर्धं उघडं होतं. चौकटीवर चार बोटं होती.

सासूकडे किल्ली असली तरी कडी आतून घातलेली होती. अंकुर असता तर बेल वाजली असती. ही बोटं घरातल्या कुणाची असूच शकत नव्हती. बोटांमागून खांदा आला, मग निळा शर्ट. माणूस दारात उभा राहिला. त्याच्या हातात नळ खोलायचा मोठा पाना होता. रिकाम्या फ्लॅटमधले नळ चोरीला जातात हे सोसायटीच्या ग्रुपवर तिने वाचलं होतं. शेजारच्या बाल्कनीतून तो इकडे आला असणार. घरात चाहूल नाही म्हणून हाही फ्लॅट रिकामा वाटला असेल.

तिने लिहिलं, "हा माणूस आमच्या घरचा नाही."

घाईत अर्धी अक्षरं चुकली. ती चॅटच्या चौकटीकडे बघत राहिली. प्रॉक्टरला हे खरं वाटलंच नाही तर? कॉपी पकडली गेली म्हणून सोंग करतेय, असं वाटलं तर? मग ओळ उमटली.

"मान वळवू नका. टाइप करत राहा. पत्ता सांगा, मला इथे दिसत नाही."

रुतिकाने पत्ता लिहिला. सेक्टर, बिल्डिंग, मजला. अंकुरचा नंबर लिहिला. मग नुसतीच टाइप करत राहिली, अर्थ नसलेलं, जे येईल ते. कीबोर्डचा टकटक आवाज थांबला की तो पुढे येईल असं तिला वाटत होतं. मागून श्वास ऐकू येत होता. चित्रात तो कपाटाकडे बघत होता, मग तिच्या पाठीकडे, मग पुन्हा कपाटाकडे. हिला काहीच कळलेलं नाही असं त्याला वाटलं असावं. त्याने आत पाऊल टाकलं.

"पोलिसांना फोन लावलाय. तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालं," चॅटमध्ये आलं. "तो माणूस तुमच्या जवळ येतोय. मी आता बोलते."

लॅपटॉपमधून एकदम बाईचा आवाज फुटला. "निळ्या शर्टवाले, मी तुम्हाला बघतेय. सगळं रेकॉर्ड होतंय. तिथून बाहेर व्हा."

माणूस दचकला, पण पळाला नाही. दोन ढांगांत तो टेबलाशी आला आणि त्याने लॅपटॉप खाडकन मिटला. आवाज बंद झाला.

आता त्याला कुणीच बघत नव्हतं.

रुतिका वळली. तो तिच्यापेक्षा थोडा मोठा असेल. घामाने निथळत होता, डोळे लाल, आणि तोही घाबरलेला होता. त्याचंच तिला जास्त भय वाटलं. घाबरलेला माणूस हातातल्या पान्याचं काय करेल याचा भरवसा नव्हता.

"कोण होती ती?" त्याने विचारलं.

रुतिकाच्या तोंडून शब्द आले ते माहेरच्या बोलीतले. "माझी मास्तरीन हाय. तिना पत्ता ठाव हाय. पोलीस निघालेत."

"खोटं बोलू नको."

"नाय बोलत. तू जा. मी मधी नाय येत."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि धावत हॉलमध्ये गेला. मुख्य दाराशी त्याची धडपड तिला ऐकू आली. त्याने कडी काढली, पण लॅच उघडेना. ते वर उचलून ओढावं लागायचं, पाहुण्यांनाही जमायचं नाही. तो दाराला हिसके देत होता, शिव्या घालत होता. मग त्याने पाना दारावर हाणला. पुन्हा हाणला.

बेडरूमचं दार लावून आतून कडी घालावी, असं रुतिकाच्या मनात आलं. पण ते दार हलकं होतं, एका लाथेत निघालं असतं. आणि तो अडकून पडला तर परत तिच्याकडेच येणार होता. ती भिंतीला धरून हॉलमध्ये गेली.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मी खोलते."

तो सरकला, पण हातभरच. त्याच्या अंगाला गंज आणि सिमेंटचा वास येत होता. पाना तिच्या कानाच्या उंचीवर होता. तिने लॅच उचललं, घामाने बोटं घसरली. पुन्हा उचललं. दार उघडलं. तिला खांद्याने भिंतीवर लोटून तो जिन्याने खाली गेला. त्याच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग लॅच लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली.

अंकुरचा फोन आल्यावर वॉचमन देवजी लिफ्टने वर यायला निघाला होता. माणूस जिन्याने उतरला, दोघांची गाठच पडली नाही. देवजीने बेल वाजवून हाक मारली तेव्हा रुतिकाने त्याचा आवाज ओळखूनही बराच वेळ दार उघडलं नाही. पोलीस आले, त्यांनी दारावरचे घाव पाहिले, बाल्कनीतून वाकून पाहिलं, जबाब घेतला. स्वयंपाकघरात ठेवलेला फोन त्याने नेला होता. माणूस कधी सापडला नाही.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाचा मेल आला. 'परीक्षा कक्षात अन्य व्यक्ती आढळली व सत्र विद्यार्थ्याकडून खंडित झाले. निकाल राखून ठेवण्यात येत आहे.' कंप्युटरने आपोआप पाठवलेला. तो वाचून अंकुर भडकला, पण रुतिकाला रडू आलं. तिला विद्यापीठाच्या समितीसमोर, पुन्हा कॅमेऱ्यातच, बसावं लागलं. समोर तीन चेहरे. तिने जबाबाची प्रत दाखवली. एकाने विचारलं, "तुम्ही लगेच ओरडला का नाहीत?"

मधल्या बाई म्हणाल्या, "प्रॉक्टरचा रिपोर्ट आहे आपल्याकडे. अबोली नाव आहे तिचं. सुरुवातीपासून सगळं लिहिलंय तिने." मग रुतिकाकडे बघून म्हणाल्या, "पेपर पुन्हा देता येईल तुम्हाला."

"त्यांचे आभार मानायचेत," रुतिका म्हणाली.

"विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवता येत नाही त्यांना. आम्ही कळवू."

फेरपरीक्षेच्या दिवसापर्यंत बाल्कनीला जाळी बसली होती. सासू बेडरूमच्या दाराबाहेर पाट टाकून बसली, मांडीवर मासे कापायचा कोयता. "मी आत नाय येत," ती म्हणाली. "पन उठनार बी नाय."

पेपर उघडला. पलीकडे या वेळी कुणी पुरुष होता. रुतिकाने पहिला प्रश्न वाचला आणि तिला एक अक्षर कळेना. नजर सारखी कोपऱ्यातल्या चित्राकडे जात होती, मागच्या दाराकडे. दार बंद होतं. तरी ती बघत राहिली. चॅटमध्ये आलं, "मॅडम, पेपरकडे लक्ष द्या." वेळ पळत होता, आणि ती भिंतीसारखी बसून होती.

बाहेर चंदा खोकली. तिच्या बांगड्या वाजल्या, पाट फरशीवर घासला. म्हातारी जागा बदलत होती, जात नव्हती.

रुतिकाने प्रश्न पुन्हा वाचला. या वेळी कळला. शेवटचा प्रश्न अर्धाच झाला, पण बाकी सगळे लिहून झाले.

ती पास झाली, काठावर. महिन्याभराने यार्डात वरचं टेबल मिळालं. बसायच्या आधी तिने साहेबांना विचारलं, पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे राहील असं टेबल फिरवलं तर चालेल का. साहेबांनी का ते विचारलं नाही. दोघांनी मिळून टेबल सरकवलं.