ताईला बोलव

आमच्या ह्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. निस्तरलं सगळं मी, आणि श्वास मात्र हे घ्यायचे वन्संच्या सांगण्यावरून. जळफळाट होणार नाही तर काय होईल!

हे बस चालवतात. जन्म गेला त्या सीटवर बसून. दुखणं अंगावर काढलं, लपवलं, शेवटी रक्त दिसायला लागल्यावर मीच ओढत डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशननंतर मी खाली औषधं आणायला गेले आणि नेमकी तेवढ्यात नर्स येऊन शिकवून गेली: कळ आली की अंग आवळायचं नाही, नाकाने श्वास घेऊन पोट फुगू द्यायचं, मग गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू सोडायचा. खोलीत होत्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी ते बरोबर उचललं. मी वर येते तो काय, ह्यांचा हात वन्संच्या हातात आणि, "शाबास रे बाळ्या, सोड, सावकाश सोड."

बाळ्या! डोक्याला टक्कल, मिशा पिकलेल्या, आणि म्हणे बाळ्या!

मदतीला म्हणून त्या आमच्याकडेच राहिल्या. मदत कसली? कोमट पाण्याचा टब भरायचा मी, चादरी धुवायच्या मी, शिवणाची गिऱ्हाइकं परत पाठवायची मी, आणि कळ आली की हाक कोणाला? "ताई!" मग वन्सं चष्मा सावरत जायच्या, उशाशी बसायच्या, "एक... दोन..." करायच्या आणि ह्यांचा चेहरा निवायचा. मी दारात टॉवेल घेऊन उभी. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

एकदा वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. म्हटलं, हीच वेळ. उशाशी बसले, हात धरला. "घ्या श्वास. एकदोनतीनचार. सोडा. एकदोनतीन..."

"अगं, हळू," हे कळवळले. "मोजतेस की मशीन चालवतेस?"

मला तसंच येतं. आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले, हात आणि जीभ दोन्ही पळतात. पण पुढचा श्वास मी खरंच हळू मोजायला घेतला हो. तेवढ्यात वन्सं ओल्या केसांनी आल्या आणि म्हणाल्या, "तू ऊठ, मी बघते." आणि मी उठले. माझ्याच पलंगावरून मी उठले! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोळी घेऊन हे झोपले होते. मी स्वयंपाकघरात वन्संना गाठलं. "वन्सं, आता ह्यांना बरं आहे. तिकडे भावोजी एकटे आहेत, तुम्ही निघालात तरी चालेल."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "चालेल म्हणतेस, की जा म्हणतेस?"

"जा," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं.

मानी बाई. पिशवी भरली, त्याला उठवू नकोस म्हणाल्या. दारात थांबून एवढंच बोलल्या, "हळू मोज गं." त्या गेल्या आणि मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू! नवरा परत माझा झाला.

हे उठले ते पोट धरूनच. इकडेतिकडे न बघता थेट संडासात गेले आणि कडी लावली. ऑपरेशननंतरची ही पहिलीच खेप. डॉक्टरांनी बजावलं होतं, भीती वाटेल, आणि भिऊन आवळलं की जास्त दुखेल. आत नळ सोडलेला होता, त्यातूनही ह्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. मग, "ताई! अगं ताई!"

"अहो, मी आहे ना," मी दाराला तोंड लावून म्हणाले. "श्वास घ्या. एक... दोन..."

"तू नको! तू नको गं, ताईला बोलव!"

काय सांगणार होते? हाकलून दिलं म्हणून? आत ह्यांना धाप लागलेली. मी चार पावलं मागे गेले, पाय वाजवत परत आले आणि वन्संसारखा घोगरा आवाज काढला. शेजारणींना हसवायला ही नक्कल मी कितीदा केली होती.

"आले रे बाळ्या. पोट सैल सोड. घे श्वास... एक... दोन..."

धाप हळूहळू उतरली. मी मोजत राहिले, वन्संपेक्षाही हळू.

"ताई, ही गेली का तिकडे?"

"गेली."

"तिला इकडे फिरकू देऊ नकोस. तिच्यासमोर रडवत नाही मला."

आणि हे रडायला लागले, मोठ्याने, अगदी हुंदके देऊन. एवढी वर्षं संसार केला, पण हे रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. वन्संनी कितीदा ऐकलं असेल, कोण जाणे. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण आवाज बदलून चालणार नव्हतं.

"नाही फिरकू देत," मी म्हणाले. "सोड बाळ्या. सावकाश."