पायातला दगड

“हा दगड नाही चालत, प्रेमलालभाऊ,” पास्टर रजत म्हणाले आणि पायाच्या खड्ड्याभोवती जमलेली माणसे त्यांच्याकडे वळली.

बालाघाटच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने ठरवले होते की नव्या प्रार्थनाघराच्या पायात प्रत्येक घराने वैनगंगेतून स्वतः आणलेला एक दगड पडेल. सायकलींची पंक्चरे काढण्यात जन्म गेलेला प्रेमलाल आपला दगड बापाच्या दुपट्ट्यात बांधून आला होता. अडचण त्या बापाचीच होती. उन्हाळ्यात म्हातारा दुलीचंद गेला, तेव्हा जुन्याच धर्मात राहिलेले भाऊ म्हणाले, अग्नी द्यायचा असेल तर मी येशूचा नाही असे सांग. प्रेमलालने चारचौघांत सांगून टाकले आणि अग्नी दिला.

“येशूनं आपल्या शिष्याले, पेत्राले म्हटलं, या खडकावर माही मंडळी उभी करीन,” पास्टर समजावू लागले. “खडक म्हणजे पेत्र नाही, त्यानं दिलेली कबुली. ज्यानं कबुली मोडली त्याचा दगड पायात कसा टाकू? चुकलो म्हणा, बस.”

“चुकलो कसा म्हणू? तशी वेळ आली तर पुन्हा तसंच म्हणीन. बाप होता माहा. पर येशूले मी मनातून सोडलं नाही.”

पडते घेणे प्रेमलालला कधी जमलेच नव्हते. त्याची बायको अंजना पुढे आली.

“मले नाही पटत, पास्टरजी. खडक म्हणजे पेत्रच. त्याच्याकडं पाहूनच बोलला ना येशू?”

“ताई, त्यावर दुनियाभर वाद चालू हाय.”

“चालू द्या. त्याच पेत्रानं मंग, येशूले धरून नेलं त्या राती, शेकोटीपाशी, मी त्याले ओळखत नाही म्हटलं. हा असा फिरणार, हे येशूले पहिलेच मालूम होतं. तरी त्याच्यावरच बांधलं. काहून?”

प्रेमलालच्या अंगावर सरसरून काटा आला. पेत्र त्याला नेहमी फार मोठा, फार लांबचा वाटत आला होता. आता तो मान खाली घालून शेकोटीपाशी हात शेकताना दिसला, अगदी आपल्या भावकीतला. आणि सगळे ठाऊक असून देवाने एवढा भार याच माणसावर टाकला! प्रेमलालने दुपट्ट्याची गाठ सोडून दगड बाहेर काढला.

पास्टर चपला काढून स्वतः खड्ड्यात उतरले.

“खडक कोण, ते मले आजही छातीठोक सांगता येत नाही,” ते म्हणाले. “द्या इकडं.”

दगड सगळ्यांत खाली, कोपऱ्यात बसला. गवंड्याने वर सिमेंटचा मसाला ओतला आणि तो दिसेनासा झाला. प्रेमलालने नदीतल्या दगडाने ओला झालेला दुपट्टा झटकून बापासारखा खांद्यावर टाकला आणि दुसऱ्यांचे दगड खाली द्यायला तो रांगेत उभा राहिला.