माझ्यातली खोटी काच

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे, पण लढाईतली नाही. तुर्भ्याच्या कारखान्यात लोखंड जोडताना वेल्डर मला एका हाताने चेहऱ्यासमोर धरतो. माझ्या छोट्या खिडकीत काळी काच असते; ठिणगी पेटलेली नसली, तर तिच्यातून काहीच दिसत नाही. वेल्डिंगचा प्रखर उजेड मी अडवते, म्हणून त्याचे डोळे वाचतात. एवढेच माझे काम.

माझा धनी शिवराम. रोज सुटी झाली की तो मला पिशवीत घालून घरी न्यायचा. त्याची बायको वैजयंती माझी काच पुसायची. माझी लाल मूठ तापते, म्हणून तिने जुन्या साडीची पट्टी मुठीभोवती शिवून घातली होती. कधी चुकून उजेड लागला, तर शिवरामच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे व्हायचे. मग ती बटाट्याच्या पातळ चकत्या त्याच्या पापण्यांवर ठेवायची आणि म्हणायची, "आज भाजी डोळ्यांवर. ताटात नुसतं वरण." दोघे हसायचे.

गेल्या वर्षी ती वारली. तेव्हापासून काच शिवरामच पुसायचा.

पुढे कारखान्यात रोबो आला. कारखान्याचे मालक नंदकुमार शेठ यांनी नारळ फोडला. सरळ, लांब जोड रोबो करू लागला. अडचणीच्या कोपऱ्यांचे काम आमच्याकडेच राहिले. त्याचा मला राग नव्हता.

एके दिवशी माझी काच तडकली. शिवरामने नवी मागितली. शेठनी खिशातून एक काच काढून दिली. ती फिकी आहे, असे शिवराम बोललाही. शेठ म्हणाले, "अरे, ओरिजिनल आहे. डोळे झाकून वापर."

शेठचा शब्द म्हणून त्याने ती बसवली. उजेड माझ्यातून आरपार जात होता. मला कळत होते, पण सांगायला तोंड नव्हते. त्या दिवशी घरी त्याने स्वतःच बटाटा चिरला. चकत्या जाड झाल्या. पापण्यांवर ठरेनात. घसरलेल्या चकत्या त्याने पुन्हा उचलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रोबो पाहायला पाहुणे आले. शेठनी खोका उघडून प्रत्येकाच्या हातात नवी, चांगली काळी काच दिली. पाहुणे गेल्यावर शिवरामने विचारले, "शेठ, त्यातली एक मला का नाही?"

शेठ हसले. "ते पाहुणे रे. तू घरचा माणूस. तुला सवय आहे."

शिवरामने मला चेहऱ्यासमोर धरले. त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "यातून तुम्ही मला स्वच्छ दिसताय, शेठ."

मग त्याने माझ्या मुठीवरची पट्टी उसवली, घडी करून खिशात ठेवली आणि मला खिळ्याला अडकवून निघून गेला. तो परत आला नाही. फसवले शेठनी, पण उजेड गेला माझ्यातून. मला तो कसा नेणार?

मित्रांनो, कोणाला घरचा माणूस म्हणाल, तर चांगली काच आधी त्याला द्या. माझी मूठ आता काळी पडली आहे. पट्टी होती तेवढीच जागा अजून लाल आहे.