दोन बोटांची ढील

"तुटली कशी ते नंतर बघू. इतक्या लवकर झिजली कशी, ते मला आधी कळू दे," असं म्हणत वासुदेवराव रस्त्याकडेच्या पोत्यावर उकिडवे बसले.

पोत्यावर त्यांच्या मोटरसायकलची चेन पडली होती, तेलाचा टिपूस नसलेली, कोरडी. पूल उतरून रामनगरात शिरलं की लगेच लल्लन मिस्त्रीची टपरी लागते. लल्लनने मागचं चाक काढून बाजूला टेकवून ठेवलं होतं आणि तो चहा सांगायला गेला होता. बाकावर हिमानी, वासुदेवरावांची मुलगी, कोपरावर ओला रुमाल धरून बसली होती.

ती रामनगरच्या एका बँकेत होती. वडिलांची मोटरसायकल घेऊन रोज गंगेवरचा पूल ओलांडून यायची. आज पुलाच्या मधोमध चेन तुटली आणि मागच्या चाकात जाऊन अडकली. चाक जागच्या जागी थांबलं, गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून, नाहीतर...

"बाबा, आधी माझ्याकडे बघा तरी!"

"बघितलं. हात हलतोय ना? खरचटलंय नुसतं."

बोलले खरे, पण फोन आल्यापासून, रिक्षातून येताना सबंध वाटभर, तो न बघितलेला ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. मुलीच्या कोपराकडे बघणं त्यांना जमत नव्हतं. चेनकडे बघणं जमत होतं.

वासुदेवरावांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या वेदपाठ आणि पौरोहित्य. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर, आणि त्या घरात काळे हात घेऊन परतणारा पहिला माणूस म्हणजे हे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झाले. यंत्र खोटं बोलत नाही, झीज बघितली की त्याला कोणी कसं वागवलं ते कळतं, असं ते कारखान्यात नव्या पोरांना सांगायचे.

त्यांनी चेन दोन्ही हातांनी आडवी उचलून धरली. चांगली चेन अशी धरली तर जवळपास सरळ राहते. ही धनुष्यासारखी वाकली. मग त्यांनी मागचा दातेरी चक्का जवळ ओढला. त्याचे दाते एका अंगाला कलून आकड्यासारखे झाले होते. शिवाय एकाच बाजूने घासून आरशासारखे चकचकीत.

"हे बघ. मागच्या दिवाळीला मी लल्लनकडून पूर्ण सेट बदलून घेतला होता. एवढ्यात असं होत नाही."

"माल खराब निघाला असेल."

"मालाचा दोष नाही. चेन फार ताणली गेलीय. खालच्या बाजूने बोटाने वर उचलली तर दोन बोटं हलायला हवी, तेवढी ढील नसेल तर गाडी खड्ड्यात आदळली की सगळा हिसका चेनवर. आणि बघ, चेन ताणायचा डावीकडचा नट जास्त आवळलाय, उजवीकडचा कमी. चाक तिरकं बसलं होतं. तिरक्या चाकावर ताणलेली चेन. तुटणार नाही तर काय होईल?" ते थांबले. "पण आवळली कोणी?"

लल्लन चहाचे मातीचे कुल्हड घेऊन आला होता. त्याने प्रश्न ऐकला आणि त्याचा चेहरा बदलला.

"चाचा, हम तो दिवाली के बाद इसको छुए भी नहीं. आप ही तो किसी को छूने नहीं देते."

"अरे भाई, तुम्हारा नाम किसने लिया?" वासुदेवराव म्हणाले, पण त्यांचा आवाज हवा तितका मऊ निघाला नाही.

लल्लन नुसती चेन बदलून द्यायला तयार होता. वासुदेवरावांनी ऐकलं नाही. वाकड्या दात्यांवर नवी चेन चढवली तर तीही महिन्याभरात तशीच झिजते. पुढचा लहान चक्का, मागचा मोठा आणि चेन, तिन्ही एकदम बदलायला हवेत. लल्लन समोरच्या दुकानातून सेट घेऊन आला. जोडाची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड पुढच्या दिशेला आहे ना, हे वासुदेवरावांनी खाली वाकून बघितलं. दोन्हीकडचे नट एकाच खुणेवर आणले. मागचं चाक हाताने फिरवलं, चेनखाली बोटं घातली, पुन्हा फिरवलं, पुन्हा बोटं घातली. त्या वेळात ते कारखान्यातले वासुदेवराव होते. हिमानी बघत होती आणि तिला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या डोक्यातून प्रश्न जाईना. दर रविवारी ते स्वतः चेन बघायचे, तेल घालायचे. मग ती कोरडी कशी? गेल्या रविवारी ढील बरोबर होती, हे त्यांना स्पष्ट आठवत होतं. निदान, स्पष्ट आठवतंय असं वाटत होतं. गाडी रात्री देवडीत उभी असते. देवडीला आतून कडी. तिथे दुसरी गाडी फक्त आदित्यची. आदित्य वरच्या खोलीतला भाडेकरू, नागपूरकडचा, विद्यापीठात शिकवायचा. त्याच्या स्कूटरला वाट हवी म्हणून तो कधीमधी मोटरसायकल सरकवायचा.

"तो कशाला चेन आवळेल?" त्यांच्या पत्नी पद्माताई म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या. "त्याला साधा खिळा ठोकता येत नाही. मागे कॅलेंडर लावायला तुम्हालाच बोलावलं होतं."

"मग कोण?"

पद्माताईंनी मान वर केली नाही. "जाऊ दे ना. पोर वाचली. आता झंझट कशाला?"

"झंझट? उद्या पुन्हा कोणी आवळली तर?"

त्यांनी हिमानीच्या खोलीतून लाल नेलपॉलिशची बाटली आणली. देवडीत जाऊन दोन्ही नटांवर एकेक रेघ ओढली, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या पट्टीवर. नट जरासा फिरला तरी रेघ तुटणार. कारखान्यात ते हेच पांढऱ्या रंगाने करायचे. रेघ वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमानी तयार होऊन खाली आली, तर देवडीतून आरडाओरडा ऐकू येत होता. आदित्य हातात हेल्मेट घेऊन भिंतीला टेकून उभा होता. वासुदेवराव मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी बसले होते.

"रेघ तुटलीय! दोन्हीकडची! चेन बघा, सतारीच्या तारेसारखी झालीय. माझी मुलगी काल मरता मरता वाचली, कळतंय का तुम्हाला?"

"काका, मी गाडीला हातसुद्धा लावला नाही. मी आत्ता खाली येतोय."

"मग भुतं येतात काय माझ्या घरात?"

आदित्यचे कान लाल झाले. "मी खोली सोडतो, काका," तो हळू म्हणाला. "पण हे मी केलेलं नाही."

तेवढ्यात पद्माताई आल्या. त्यांनी ओल्या हाताने पदर कमरेला खोचला होता. त्या मोटरसायकलकडे गेल्या नाहीत, नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हात दाखवा बघू."

"काय?"

"हात दाखवा."

वासुदेवरावांनी नकळत हात पुढे केले. बोटं काळी झाली होती. अंगठ्याच्या नखात लाल कपचा अडकला होता.

ते त्या कपच्याकडे बघत राहिले. "हे आत्ता लागलं असेल. मी बघत होतो ना रेघ."

"पहाटे उठलात तेव्हा म्हणालात, चेन बघून येतो, पोरीला पुलावरून जायचंय. चहा झाल्यावर परत तेच म्हणालात आणि परत खाली आलात. मघाशी पूजेवरून उठून पुन्हा आलात." पद्माताईंचा आवाज सरळ होता, फक्त फार सावकाश होता. "रोजच असं चाललंय. बरेच दिवस."

"रोज?"

"मला वाटलं, काळजीपोटी करता. आवळलेलं चांगलंच असेल म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं?"

"मी चहा घेतला?" वासुदेवरावांनी विचारलं.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. पहाट आठवली, घाटाकडून येणारा घंटांचा आवाज आठवला, पण तो आजचा होता की कालचा, सांगता येईना. हातात पाना धरल्याची आठवण होती. ती कितीतरी होती, सगळी सारखी, एकमेकांवर ठेवलेल्या ताटल्यांसारखी, आणि त्यातली कुठली आजची ते ओळखता येत नव्हतं. पाना कुठेय म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग सदऱ्याचा डावा खिसा जड लागला.

पाना काढून त्यांनी तो नटाला लावून बघितला. बरोबर बसला. फिटर माणूस होते. बाकीचं त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. चेन सैल असेल या भीतीने एक माणूस रोज खाली येतो, जरा आवळतो, वर जातो, आवळल्याचं विसरतो आणि पुन्हा खाली येतो. घाईत डावीकडचा नट जास्त फिरवतो, कारण बसायला तिकडे जागा आहे. तेल घालायचं मनात आणतो आणि तेल घातलं असं समजतो. सगळं जुळत होतं. फक्त तो माणूस काही केल्या त्यांना स्वतःसारखा वाटत नव्हता.

हिमानी भिंतीला धरून उभी होती. तिच्या तोंडून "बाबा" एवढंच निघालं.

वासुदेवराव उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. ते आदित्यसमोर गेले.

"माझं चुकलं. खोली सोडू नका. मी नको ते बोललो."

"काका, असू द्या हो. असं काय..."

"नाही. चुकलं ते चुकलं." आदित्यने त्यांचा हात हातात घेतला. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलं, ते त्याने पुसलं नाही.

हिमानीला बँकेत उशीर होत होता. पण गाडी तशी नेता येत नव्हती. वासुदेवरावांनी नटाला पाना लावला, हात फिरवायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. पाना तिच्यापुढे धरला.

"तू कर."

"मला नाही येत, बाबा. लल्लनकडे नेते ना."

"पुलाच्या पलीकडे आहे तो. इथूनच ढील बरोबर करून निघायला हवं. बस इथे. डावीकडचा अर्धा फेरा सोड. आता उजवीकडचा. खुणा बघ, दोन्हीकडे सारख्या हव्यात. आता खालून बोटं घाल. किती हलते?"

"दोन बोटं."

"चाक फिरव आणि दुसऱ्या जागी बघ. चेन सगळीकडे सारखी नसते."

तिने फिरवलं. पुन्हा बोटं घातली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात नीट काम करत होते. शेवटचा नट तिने पक्का केला, तेव्हा वासुदेवरावांनी तपासायला हात पुढे नेला आणि परत घेतला.

"झालं का बरोबर?" तिने विचारलं.

"तुलाच माहीत. बोटं तुझी होती."

पाना तिच्याच बॅगेत गेला. तिने रजा टाकली आणि फोन करून विद्यापीठाच्या इस्पितळात संध्याकाळची वेळ घेतली. पद्माताई रिक्षा करू म्हणाल्या. वासुदेवरावांना ते नको होतं. रिक्षातून इस्पितळात जायला मी काय आजारी आहे, असं म्हणाले. मग आहोत की नाही, या विचारात पडले.

संध्याकाळी हिमानीने मोटरसायकल गल्लीतून हळूहळू काढली आणि रस्त्यावर येऊन चालू केली. वासुदेवराव सवयीने पुढच्या बाजूला गेले, हँडलला हात लावला. ती आधीच बसली होती. त्यांनी हात काढून घेतला. मग मागे गेले आणि पाय टाकून बसले. मागच्या सीटवर ते आजवर कधी बसले नव्हते. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी मांड्यांवर ठेवले, मग सीटखाली काहीतरी धरता येतंय का ते चाचपलं.

"धरा बाबा मला. पडाल."

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका.

गोदौलियाच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती. एक सायकल रिक्षा अचानक आडवी आली आणि वासुदेवरावांचा उजवा पाय खाली दाबला गेला. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, पाय टेकायची दांडी होती. पुढे एक गाय आली, पाय दाबला गेला. शाळेच्या बसमागे परत तेच. त्यांना ते कळत होतं, पण पाय ऐकत नव्हता. दर वेळी त्यांची बोटं तिच्या खांद्यावर किंचित घट्ट व्हायची आणि हिमानी, वाट मोकळी असली तरीही, तेवढ्यापुरता वेग कमी करायची.