करवली घाटात

या उन्हाळ्यात आमच्या टेकडी सायकल मंडळानं सगळ्यांना वेड लावलं, आणि मंडळाला वेड लावलं ते प्रफुलभाऊंनी. पिपरी मेघेला त्यांचं सायकलींचं दुकान आहे आणि मंडळाचे अध्यक्षही तेच. एप्रिल लागला की आमच्याकडची शहाणी माणसं कूलरसमोर आडवी होतात, प्रफुलभाऊ मात्र शर्यती ठरवायला बसतात. उजाडताच सुरू, ऊन चढायच्या आत घरी, आणि खिशात कांदा सक्तीचा, हे त्यांचे नियम. पहिली शर्यत पिपरीच्या टेकडीवर, दुसरी आंजीच्या शेतांमधल्या पांदणींतून, शेवटची तळेगावच्या घाटात. मधल्या रविवारी सजवलेल्या सायकलींची मिरवणूक, म्हाताऱ्यांची धोतर खोचून दौड आणि हळू सायकल चालवायची स्पर्धा. त्या हळू स्पर्धेत मी पहिली आले. हसायचं कारण नाही. पाय न टेकवता सगळ्यांच्या मागं राहायला अक्कल लागते.

मी मोहिनी. एरवीच्या शर्यतींतही मी सगळ्यांच्या मागंच असते, फक्त तेव्हा कोणी बक्षीस देत नाही. माझी मावसबहीण छाया मात्र अशी पळते की बघत राहावं. तिचं दुर्दैव एवढंच की तिच्यापुढं सपना असते. सपना आर्वीची, पोलीस भरतीची तयारी करणारी, मांड्या दगडाच्या. गेली तीन वर्षं छाया तिच्या मागच्या चाकाची धूळ खात आली होती. या वर्षीही पिपरीची शर्यत सपनानंच मारली. पण आंजीला, आपल्या स्वतःच्या गावात, छाया पहिली आली.

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! डफडं वाजलं, पोट्टे नाचले, आणि ज्यांनी आयुष्यात सायकलला हात लावला नाही त्यांनीही छायाला सायकलसकट उचललं. मग आम्ही उसाच्या रसाच्या गाडीवर गेलो आणि तिथं सपना बोलून गेली.

“जाऊ दे व, आता लगन हाय तुहं. म्हणलं, माहेरची शेवटची शर्यत, जिकू दे हिले.”

छायाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. “म्हणजे? तू मले सोडलं?”

“थोडंसंच. शेवटच्या वळणावर.”

मी तिच्या जागी असते तर ग्लास सपनाच्या डोक्यावर रिकामा केला असता. छाया फक्त म्हणाली, “मी काय भीक मांगाले आलती काय? सपना, पुन्हा असं केलं तर जन्मात बोलणार नाई तुह्याशी.”

घरी येईपर्यंत ती रडत होती. लग्न ठरल्यापासून सगळेच तिला असं वागवत होते. जड उचलू नको, उन्हात जाऊ नको, तू बस, तुझं लग्न आहे. तिला त्याचा वीट आला होता. “मोहिनी, मले एकदा तिले खरंखुरं हरवाचं हाय,” ती म्हणाली. “एकदाच. मंग सायकल माळ्यावर पडली तरी चालन.” मलाही रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, फायनलला तू तिला हरवशील, नाहीतर मी माझी सायकल भंगारात देईन.

फायनल शंकरपटासारखी होती. शेवटी जशा दोनच बैलजोड्या सुटतात, तशा पहिल्या दोघीच धावणार, छाया आणि सपना. एवढी मोठी फायनल म्हणून प्रफुलभाऊंनी चक्क पंचांग काढलं आणि उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला दिवस निवडला. पत्रकं छापली, वाटली, तळेगावच्या बाजारात लाऊडस्पीकर फिरला. आता सगळ्यात चांगला दिवस काय एकट्या प्रफुलभाऊंच्याच पंचांगात असतो? त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर छायाचं लग्न होतं. आणि लग्न होतं तळेगावातच, कारण नवरदेव गोपाल तिथला.

मी दुकानात जाऊन प्रफुलभाऊंना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे डोकं खाजवत राहिले. “मुहूर्त पाह्यला व, बाप्पा! लग्नाचा इचारच नाई आला डोक्यात.”

आदल्या दिवशी आंजीला छायाला हळद लागली आणि संध्याकाळी आम्ही सगळे वऱ्हाड घेऊन तळेगावला, वऱ्हाडासाठी दिलेल्या जानोशात उतरलो. शर्यत तिथून हाकेच्या अंतरावर. छायानं आईसमोर विषय काढला, म्हणजे माझ्या आनंदामावशीसमोर. मावशी पापड मोजता मोजता थांबली.

“हळद लागलेली पोरगी भायेर पाय नाई टाकत, छाया.”

“आई, सकाऊनच येतो वापस.”

“एकटीनं तर नाईच नाई. हळदीच्या अंगाले नजर लागते. अंगावर लोखंड पाह्यजे, संगं करवली पाह्यजे.”

मी लगेच मधे पडले. “मावशी, सायकल अख्खी लोखंडाचीच तर हाय!”

“नाई आई,” छाया म्हणाली, “अ‍ॅल्युमिनियमची हाय.”

या मुलीच्या खरेपणानं मी एक दिवस जीव सोडणार आहे. पण मावशी हसली आणि तिथंच पारडं आमच्याकडे झुकलं. तिनं पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून छायाच्या कमरेला रुमालानं बांधला. “लोखंड झालं. अन् करवली?”

करवली मी होते. नवरीची बिनलग्नाची पाठराखीण, हळदीपासून अक्षता पडेपर्यंत तिच्या सोबत राहणारी. आणि माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं, त्यामुळे मी म्हणून गेले, “मी जाते ना संगं. सायकलवर.”

“मंग ठीक,” मावशी म्हणाली. “छाया, शब्द दे. करवलीले सोडून एक पाऊल पुढं जाऊ नोको.”

छायानं आईच्या पायाला हात लावून शब्द दिला. तेव्हा कुठं मला कळलं. मी, गोगलगाय, तिच्या फायनलला बांधली गेले होते.

उजाडलं तेव्हा बाजाराच्या मैदानावर अख्खं तळेगाव लोटलं होतं. दोन्हीकडचं वऱ्हाड, मंडळाची पोरं, भजे तळणारे, पन्ह्याचे माठ, आणि नवरी सायकल चालवणार म्हणून दूरदूरच्या गावांहून आलेली माणसं. छाया आली तसा एकच गलका उठला. हळदीनं पिवळी धमक, डोक्यावर हेल्मेटही पिवळंच, हिरव्या बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटाला रुमाल गुंडाळलेले. प्रफुलभाऊंनी माझ्यासाठी खास नियम केला, करवली शर्यतीबाहेर. मार्ग साधा होता. मैदानातून घाटाच्या पायथ्याशी, चढ चढून टेकडीच्या माथ्यावर, पलीकडून उतार आणि बैलगाडीच्या रस्त्यानं परत मैदानात.

“सोडणार नाई आज,” सपना छायाला म्हणाली.

“सोडून तर पाह्य,” छाया म्हणाली.

शिट्टी वाजली आणि दोघी सुटल्या. सपाटीवर मी जीव तोडून पायडल मारलं. खरं सांगते, थोडा वेळ मीही त्यांच्या जवळपास होते, आणि मला वाटलं, जमतंय की! मग चढ लागला. माझा श्वास गळ्यात अडकला, मांड्या पेटल्या, आणि पहिल्याच वळणावर सपना आणि छाया दिसेनाशा झाल्या.

दुसऱ्या वळणावर छाया उभी होती. एक पाय जमिनीवर, हात ब्रेकवर, नजर वर. वर सपना जात होती.

“जा ना व!” मी ओरडले.

“आईले शब्द देल्ला.”

मी पोचले तशी ती सुटली, पुढच्या वळणावर पुन्हा थांबली. असं पुन्हा पुन्हा झालं. प्रत्येक वेळी ती थांबे आणि प्रत्येक वेळी सपना लहान होत जाई. छायानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःचाच इतका संताप आला की मी उभ्यानं पायडल मारायला गेले, चाक खडीवर घसरलं आणि मी सायकलसकट रस्त्याच्या कडेच्या बोरीच्या झुडपात गेले.

छायानं मला ओढून काढलं. गुडघा फुटला होता, मागचं चाक वाकडं झालं होतं. आता मला चालतच वर जावं लागणार होतं आणि छाया माझ्याबरोबर चालणार होती, हे आम्हा दोघींनाही कळलं. तिनं माझी सायकल उचलली. मी रडायला लागले.

तेवढ्यात वरून सायकल आली. सपना. माथ्यापर्यंत जाऊन ती परत खाली आली होती, घामानं निथळत, आणि भयंकर चिडलेली.

“काय नाटक लावलं हे?” ती छायावर ओरडली. “माथ्यावर उभी राहून वाट पाहून राह्यली मी! आंजीले मी सोडलं तं केवढी बोलली तू मले. आता तू मले फुकट जिकू देऊन राह्यली?”

“मी नाई सोडून राह्यली!” छायाही ओरडली. “करवलीले टाकून जाता येत नाई मले!”

“मंग मले बी असं जिकता येत नाई!”

दोघी घाटात समोरासमोर उभ्या, दोघींची तोंडं लाल, एकीचं पिवळं-लाल. आणि त्या वेळी माझ्या डोक्यात जे आलं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हुशारीचं काम आहे असं मी आजही मानते. करवली संगं पाहिजे, एवढंच मावशी म्हणाली होती. कोणती करवली, हे काही तिनं म्हटलं नव्हतं.

“सपना, तुहं लगन झालं काय?” मी विचारलं.

“नाई. काऊन?”

मी छायाच्या दंडावरची हळद बोटानं पुसली, घामानं ती ओलीच होती, आणि सपनाच्या कपाळावर ओढली. “आजपासून तू करवली. अक्षता पडेपर्यंत नवरीले सोडून जायचं नाई.”

सपनानं कपाळाला हात लावला. “पण मले तं हिले हरवाचं हाय.”

“हरव ना! पण तिच्या संगं राहून हरव. जा आता, दोघी जा, नाईतर मी गोटे मारतो!”

छाया माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून माझा गुडघा दुखायचा थांबला. दोघींनी सायकली सरळ केल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि एकदमच सुटल्या.

मी वाकडी सायकल तिथंच टाकली आणि गुराख्यांच्या पायवाटेनं सरळ टेकडी चढले, हातापायांनी, झाडं धरत. माथ्यावर पोचले तेव्हा दोघी उतारावर होत्या. देवा! दोघींच्या मधून वारा जायला जागा नव्हती. वळणावर सपना पुढं, सरळ रस्त्यावर छाया पुढं, पुन्हा सपना. मी वरून एकटीच किंचाळत होते. बैलगाडीच्या रस्त्याला लागल्या तशी धूळ उठली, धुळीतून एक पिवळं डोकं आणि एक काळं डोकं, अगदी शेजारी शेजारी. मैदानातल्या लोकांचा आवाज वरपर्यंत आला. आणि नेमकी शेवटच्या रेषेजवळ सगळी धूळ अशी उसळली की मला काहीच दिसलं नाही.

कोण जिंकलं? मी खाली पळाले. त्या उतारावरून मी सायकलवरही कधी एवढ्या जोरात गेले नव्हते. एक चप्पल कुठं गेली ते आजपर्यंत माहीत नाही. मैदानात पोचले तर गर्दी, डफडी, प्रफुलभाऊ कोणाला तरी मिठी मारून नाचताहेत, आणि कोणी मला सरळ सांगेल तर शपथ. जो तो म्हणे, “काय शर्यत झाली व! काय शर्यत झाली!”

गर्दीत घुसले. मधे मातीत सपना बसली होती. गुडघ्यांत डोकं घालून ती रडत होती. हळू नाही, चांगली हुंदके देऊन, लहान मुलासारखी. आनंदामावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. “उगी माय, उगी. पाणी घे.” सपनानं पाणी ढकलून दिलं आणि म्हणाली, “एक चाक, काकू! एकाच चाकानं गेली ती! मी जीव ओतलता!” आणि पुन्हा रडायला लागली.

छाया थोडी बाजूला सायकलला टेकून उभी होती. धुळीनं हळद दिसेनाशी झाली होती. लोक तिच्या पाठीवर थापा मारत होते, तिच्या सासरचं कोणीतरी नारळ घेऊन आलं होतं, पण तिचं लक्ष कुठंच नव्हतं. ती सपनाकडे बघत होती. मी गेले तशी तिनं माझा हात घट्ट धरला.

“मोहिनी,” ती हळूच म्हणाली, “नीट पाह्यजो. ती खरंच रडून राह्यली ना?”

मी पाहिलं. सपनाच्या नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती मुठीनं जमीन बडवत होती.

“खरंच रडून राह्यली,” मी म्हटलं.

छायाचा चेहरा असा फुलला की तसा मी तो संध्याकाळी मांडवातही पाहिला नाही. “मंग जिकली मी,” ती म्हणाली.