खिडकीतला वाडगा

या, असे जवळ सरका. लांब बसलात तर अर्धी गोष्ट पंख्याच्या वाऱ्यावर जाईल, आणि अर्धी गोष्ट ऐकणं म्हणजे एकाच पायात चप्पल घालून निघणं. आज सांगणार आहे ती ऐकताना मानेवर जरा गार वाटेल. वाटू द्या. उठू नका. देवाने भीती दिली तशी तिच्या पोटात मायाही ठेवली आहे. शेवटपर्यंत बसणाऱ्यालाच ती सापडते.

तर एक शहर होतं आणि त्या शहरात एक हॉटेल होतं. पाटीवर त्याचं लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला ‘खिडकी’च म्हणत. कारण बसायची जागा आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिला जाड लाकडी फळी, आणि फळीवर गरम भांड्यांनी उमटवलेली काळी वर्तुळं. खिडकीच्या अलीकडे धाकटा भाऊ, पलीकडे थोरला. धाकटा वेटर. त्याचा आवाज असा, की त्याने हळू विचारलं तरी रस्त्यावरचा माणूस उत्तर देई. म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. थोरला आचारी. त्याला सगळे दादा म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

त्या हॉटेलात एक रीत होती. भोंगा ओरडायचा, “कोपऱ्याला एक सूप, पाव भाजून!” आतून दादा म्हणायचा, “ऐकलं.” पदार्थ झाला की दादा तो फळीवर ठेवून पळीने दोन ठोके द्यायचा. मग भोंग्याने यायचं, भांडं दोन्ही हातांनी घ्यायचं आणि म्हणायचं, “उचललं.” तो शब्द कानावर पडेपर्यंत आचाऱ्याने खिडकी सोडायची नाही. जुन्या मालकाने ही शिस्त घालून दिली होती, जेवण गार पडलं तर एकमेकांकडे बोट दाखवता येऊ नये म्हणून. मालक गेला, त्याचा मुलगा गादीवर बसला, पण रीत राहिली. एकदा पडद्याने पेट घेतला तेव्हा भोंगा बादली घेऊन धावला, तर दादा खिडकीतून म्हणाला, “आधी ऑम्लेट उचल, मग आग विझव.” आणि भोंग्याने खरंच आधी ऑम्लेट उचललं.

शेवटी खिडकीचेही दिवस भरले. शेवटच्या दुपारी जुनी गिऱ्हाइकं आली, गप्पा झाल्या, डोळे पुसून झाले. चुली विझवल्या. मालकाच्या मुलाने फोटोसाठी सगळ्यांना रस्त्यावर बोलावलं. तेवढ्यात भोंग्याची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे मास्तर बसले होते, रोजच्यासारखे. आणि भोंग्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “कोपऱ्याला एक सूप, पाव भाजून!”

आतून आवाज आला, “ऐकलं.”

दादाने विझलेली चूल पुन्हा पेटवली. बाहेर फोटोवाला ओरडत होता. भोंगा गेला, मास्तर गेले, फोटो निघाला, हसणं झालं, मिठ्या झाल्या, आणि मालकाच्या मुलाने शटर ओढून कुलूप घातलं. दादा मागच्या दाराने निघून गेला असेल, असं प्रत्येक जण धरून चालला. आत त्याने किती वेळा ठोके दिले, देव जाणे.

मागच्या दाराने बाहेर पडून घरी तो उशिरा आला. आला आणि नुसता बसून राहिला. मान एका बाजूला कललेली, जणू शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारणार आहे.

“भाऊजी,” वहिनी चार दिवसांनी भोंग्याला म्हणाल्या, “हे घरी आलेत, पण आलेले नाहीत. हाडं आली आहेत, कान तिकडेच राहिलेत.”

पुढे दादाने अंथरूण धरलं. चमचा घेऊन खाटेच्या कडेवर दोन ठोके द्यायचा आणि वाट पाहायचा. डॉक्टरला कळेना, शेजाऱ्यांना कळेना. भोंग्याला पहिल्या ठोक्यालाच कळलं. त्याने उशाशी वाकून म्हटलं, “दादा, उचललं रे. उचललं.”

दादाने मान हलवली. “इथून नाही,” तो म्हणाला. “खिडकीतून.”

भोंगा मालकाच्या मुलाकडे धावला. पण जागा विकली गेली होती, आणि नव्या मालकाने खिडकी विटांनी बुजवून टाकली होती. त्याच आठवड्यात दादा गेला. आणि त्या दिवसापासून वहिनींनी संध्याकाळी दाराला कडी लावणं सोडलं.

वर्षं गेली. भोंग्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरली ती नुसती हवा, फुटक्या पिपाणीसारखी. शहरही बदललं. उतारावरचा बार गेला, जिथले ग्लास टेबलावरून हळूच घसरत आणि गिऱ्हाईक पिण्याआधीच झिंगल्यासारखं वाटे. जिन्याखालचा बार गेला, जिथे उंच माणसांची कपाळं आपटत म्हणून मालकाने तुळईला उशी बांधली होती. दोन दारांचं हॉटेल गेलं. एका दाराने बायको शोधायला आली की दुसऱ्या दाराने नवरा पसार. अशा जागा एकेक करून मिटत गेल्या, जशा संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या खिडक्या.

मग एका तरुण बाईने खिडकीचीच जागा घेतली आणि तिथे हॉटेल काढलं. हौशी पोर. बंद पडलेल्या जागांमधल्या खुर्च्या, पाट्या, आरसे तिने हुडकून आणले. तुळईची ती उशीसुद्धा काचेत घालून टांगली. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तिने जुन्या लोकांना चहाला बोलावलं.

भोंगा जायला तयार नव्हता. “जाऊन काय करू?” त्याने कागदावर लिहिलं. “माझ्याकडे द्यायला तो एक शब्द होता, आणि आता तोही गळ्यातून निघत नाही.”

“निघेल किंवा नाही निघणार,” वहिनी म्हणाल्या, “पण हे तिथे उभे आहेत. मी येते बरोबर.” इतक्या वर्षांत वहिनी त्या हॉटेलात कधी बसल्या नव्हत्या. नवरा दिवसभर लोकांना वाढतो तिथे जाऊन आपण काय बसायचं, असं त्यांना वाटे. भोंग्याने जुना नॅपकिन खिशात घातला आणि दोघं निघाले.

आत दिवे मंद होते. कोणी उतारावरच्या बारच्या खुर्चीवर बसलं होतं आणि सवयीने एका बाजूला कललं होतं, जमीन इथे सपाट असूनही. भोंग्याने भिंत शोधली. खिडकी होती तिथे बाटल्यांचं उंच कपाट उभं होतं. मात्र त्याच्यापुढे, कमरेच्या उंचीवर, मालकिणीने एक जुनी फळी बसवली होती.

“अडगळीत सापडली,” ती म्हणाली. “काय सुंदर वर्तुळं आहेत ना?”

भोंग्याने फळीवर हात ठेवला. बाकी खोलीत गारवा होता. फळी कोमट होती.

मास्तर होतेच, आता काठी टेकत, कोपऱ्यातल्या टेबलावर हक्काने बसलेले. वहिनींना त्यांनी समोर बसवलं. जुन्या आठवणींना ऊत आला. कोणाला कोणत्या बारमध्ये लग्नाची मागणी घातली ते आठवलं, कोणाला ती नाकारली गेली ते आठवलं, आणि दोघं एकाच बाईबद्दल बोलत होते असं निघालं. हशा पिकला. त्या हशातच मास्तर काठी आपटून म्हणाले, “ए भोंग्या, माझं सूप कुठाय रे? शेवटच्या दिवशी सांगितलंस आणि फोटोत जाऊन उभा राहिलास. अजून वाट बघतोय मी.”

लोक हसले. आणि हसणं संपता संपता कपाटाच्या मागून दोन ठोके आले.

लाकडावर पळीचे. बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या आणि गप्प झाल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. “वा, मालकीणबाई, काय युक्ती केलीत.”

मालकीण दोन पावलं मागे सरली होती. “मी काही केलेलं नाही,” ती म्हणाली. “त्या भिंतीमागे काही नाहीये. जुनं स्वयंपाकघर कधीच पाडलंय, तिथे आता शेजारच्या इमारतीची भिंत आहे.”

पुन्हा दोन ठोके. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

भोंग्याने नॅपकिन मनगटावर टाकला. पाय त्याला न विचारता चालू लागले. फळीपाशी त्याने दोन्ही हात पुढे केले, जसे आयुष्यभर करत आला होता, आणि तळव्यांवर वजन आलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण वजन होतं, गोल होतं आणि गरम होतं. मिरी घातलेल्या सुपाचा आणि भाजलेल्या पावाचा वास थेट त्याच्या नाकात आला. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्यातून नुसती हवा आली.

ठोके आले. आता जोरात, जसे दादा रागावला की देई. भोंग्याने पुन्हा प्रयत्न केला. हातांची आग होत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एक शब्द, आयुष्यात लाखदा फेकलेला, गळ्याच्या पायरीवर अडून बसला होता. त्याला वाटलं, आता हे वजन हातातून निसटणार, आणि दादा भिंतीत कायमचा उभा राहणार.

मागे खुर्ची सरकली. वहिनी उठून त्याच्या शेजारी आल्या. त्यांनी पदर सावरला, आपले हात भोंग्याच्या हातांखाली धरले आणि घरात बोलतात त्याच आवाजात भिंतीला म्हणाल्या, “अहो, उचललं. भाऊजींनी उचललंय. चला आता घरी.”

काही वेळ काहीच झालं नाही. मग भिंतीच्या आतून, विटांच्याही आतून, पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मोठ्या कष्टाच्या दिवसानंतर ठेवतात तशी. हातांवरचं वजन गेलं. भोंग्याने फळीला हात लावला. ती गार होती, साध्या लाकडासारखी.

मास्तर हळूच म्हणाले, “मला सूप पोचलं बरं का.” त्यांना काय म्हणायचं होतं कोणास ठाऊक, पण पुढ्यातला चहा त्यांनी तसाच बाजूला सारला, पोट भरलेला माणूस सारतो तसा.

दिवेलागणीला दोघं घराकडे निघाले. रस्त्याने भोंगा मागे वळून पाहत नव्हता. पाहावं असं वाटत होतं, पण वहिनी आपल्या उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून चालत होत्या, आणि समोरून येणारे लोक त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होते.

घरी पोचल्यावर वहिनी आधी आत गेल्या, मग भोंगा गेला. मग पायपुसण्यावर कोणीतरी पाय पुसले. वहिनींनी वळून, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, शांतपणे दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी उजेडात भोंग्याने तळवे पाहिले. दोन्हींवर मिळून एक तांबूस वर्तुळ होतं, तळवे शेजारी धरले की पुरं होणारं. पुढे तो रोज देवापुढे हात जोडायचा तेव्हा ते वर्तुळ आत मिटत असे. ते शेवटपर्यंत गेलं नाही, आणि त्याला ते जावं असं कधी वाटलंही नाही.

एवढीच गोष्ट. आता माझं एक मागणं आहे, मोठं नाही. कुठल्या हॉटेलात तुमच्यासमोर गरम वाडगा येईल तेव्हा चमचा बुडवण्याआधी क्षणभर थांबा. मनातल्या मनात म्हणा, “उचललं.” आणि त्या दादाची आठवण काढा, जो तेवढ्या एका शब्दासाठी खिडकीपाशी उभा राहिला.