यंत्राला जामीन

चासिबनं सकाळपासून खजुरीच्या बुंध्याशी जो खटाटोप मांडला होता, तो मी पाटाच्या अलीकडून, आमच्या भिंतीवर बसून बघत होतो. माझं खत टाकायचं पडून होतं, पण शेजाऱ्याच्या बागेतला तमाशा सोडून खत कोण टाकतो?

दुधाच्या भुकटीचा एक डबा. त्याला एका बाजूनं सायकलचा पंप आणि दुसऱ्या बाजूनं विजेच्या तारांचे पाइप एकात एक घुसवून केलेली लांबच लांब नळी. डब्यात नर झाडाच्या फुलांची पूड. खालून पंप दाबायचा आणि वर शेंड्याला मादी झाडाच्या फुटलेल्या पोयीवर, म्हणजे फुलांच्या तुऱ्यावर, पूड उडवायची, असा सगळा बेत होता.

“शनावा, हसतुयास कशापायी?” त्यानं मला विचारलं.

“हसतुया कुठं? मला वाटलं खजुरीला ताप आलाय, सुई टोचतुयास.”

पंप दाबला की नळी शिंकायची आणि टोकातून पुडीचा एक गोळा निघून सरळ चासिबच्या डोक्यावर पडायचा.

हे त्याच्या यंत्राचं तिसरं साल. दोन सालांमागं तो झाडावरून पडला आणि गुडघा कामातून गेला. फखरियानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला हजरत अब्बासची शपथ घातली की पुन्हा झाडावर पाय ठेवायचा नाही. आमच्याकडं बसऱ्याच्या खाली, नदीकाठी, माणूस देवाची खोटी शपथ एखाद वेळी घेईल, अब्बासची मोडणार नाही. पण पोय फुटल्यावर चार-पाच दिवसांत तिच्यावर पूड पडली नाही, तर खजूर धरत नाही. म्हणून त्यानं हे यंत्र काढलं. पहिल्या साली सगळी पूड त्याच्या दाढीत गेली, तेव्हा मी गावभर सांगितलं की यंदा चासिबच्या दाढीला घड लागणार. दुसऱ्या साली नळी मधेच वाकली. दोन्ही साली शेवटी मजूर चढवावे लागले आणि खजुराचा पैसा त्यांच्या मजुरीत गेला.

यंदा फखरियानं निक्षून सांगितलं होतं. यंत्रानं फळ धरलं तर ठीक, नाहीतर बाग तिच्या भावाला, लाजिमला, अर्ध्या वाट्यानं जाणार. तिचंही चुकीचं नव्हतं. पण मग आपल्या बापानं लावलेल्या झाडांवर दुसऱ्याची माणसं चढताना चासिबनं सावलीत बसून बघायचं. त्याला ते मरणाहून वाईट वाटत होतं, आणि मला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी हसत होतो, कारण माझी जीभ तशी आहे.

सातव्या-आठव्या गोळ्याला चासिबचं टाळकं सरकलं. तो घरात गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. यंत्रासमोर उभा राहिला आणि कुऱ्हाड उगारून ओरडला, “धरत न्हाईस? मग तोडतुया तुला!”

आता, एखादं झाड फळ धरत नसलं की आमच्याकडं हेच करतात. मालक कुऱ्हाड उगारतो, दुसरा कुणी पळत जाऊन त्याचा हात धरतो, झाडाच्या वतीनं बोलतो, जामीन राहतो. झाड घाबरतं आणि पुढं फळतं. मी लहानपणापासून कितीतरी झाडांसाठी असा पळालोय. त्यामुळं कुऱ्हाड वर गेलेली दिसली आणि पाय आपोआप भिंतीवरून उतरले. पाट ओलांडून मी त्याचा हात धरला.

“सोड, बाबा, यंदाचा डाव सोड. धरंल त्ये. मी जामीन ऱ्हातो.”

बोललो आणि मग ध्यानात आलं की झाडाला नव्हे, मी दुधाच्या डब्याला जामीन राहिलोय. दारात फखरिया उभी होती.

“आयकलं म्या,” ती म्हणाली. “अबू लतीफ जामीन ऱ्हायले.” लतीफ माझा थोरला, आणि गावातल्या बायका मला त्याचा बाप म्हणूनच हाक मारतात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जामीन मोडणाऱ्या माणसाशेजारी गावच्या बैठकीत कुणी कॉफीचा पेलासुद्धा धरत नाही. आणि जामीनदारानं त्या झाडाला पाणी, खत, काय हवं ते बघायचं असतं. यंत्राला खत काय घालणार? मी मुकाट्यानं डबा उघडला. आत पुडीचे गोळे झाले होते, दमट पिठासारखे. नदीचा ओलावा पुडीनं सगळा पिऊन घेतला होता. फखरियानं डबा हातातून ओढून घेतला, पूड तंदुराच्या उबेला पसरली, थोडं पीठ मिसळलं आणि चाळणीनं चाळली. इतका वेळ ती यंत्राला शिव्या देत होती, पण चाळताना हात मात्र हलका होता.

दुपारी नळीतून पिवळा धूर निघाला आणि सरळ पोयीवर बसला. चासिब हसला नाही. नळी उचलून पुढच्या झाडाकडं गेला.

नळी सगळीकडं पुरली नाही. नदीच्या अंगाची जुनी, उंच झाडं राहिली. ती कोण करणार, म्हणून नवराबायको दोघं जामीनदाराकडं, म्हणजे माझ्याकडं, बघू लागली. मी कंबरेला दोर बांधला. चढताना चासिब खालून मला अक्कल शिकवत होता, उंटावरचा शहाणा जमिनीवर उभा राहून.

यंत्र एका दिवसात होतं असं शहरातले म्हणत असतील. चासिबचं यंत्र खजुरीसारखं वाढलं, बुंध्यावर साली एक कडं चढावं तसं. मला आधी ते दिसलं नाही, कारण मी दाढीकडं बघत होतो.

महिन्याभरानं लाजिम आला. बागेत फिरला, वर बघत राहिला. यंत्रानं केलेल्या झाडांवर हरभऱ्याएवढी फळं गच्च धरली होती. उंच झाडांवर विरळ.

“ही कुणी केली?” लाजिमनं विचारलं.

मी पाटातलं पाणी बघू लागलो.

लाजिम माणूस वाईट नाही. तो म्हणाला, “खालची तुज्याकडं ऱ्हाऊंदे, चासिब. उंच तेवढी मला दे. तितं तुजी नळी न्हाई पोचत.”

बोलणं रास्त होतं. चासिबनं मान खाली घातली. मला वाटलं, आता हा ‘घे’ म्हणणार.

फखरिया तडक छपरावर गेली. वर खडखडाट झाला. ती उतरली तेव्हा तिच्या हातात टीव्हीच्या अँटेनाचा दांडा होता, तारा लोंबत होत्या. रमजानातसुद्धा जी मालिका तिनं कधी चुकवली नाही, ती त्या दांड्यावरच दिसायची. तिनं तो नवऱ्यापुढं ठेवला.

“ह्यो जोड,” ती म्हणाली. “फुडल्या साली पोचंल.”

मग भावाकडं वळून म्हणाली, “लाजिम, च्या पिऊन जा.”

चासिब दांड्यावरून हात फिरवत बसला. लाजिमनं चहा घेतला, सलाम केला, गेला. तरी चासिब डोळे पुसतच होता. विचारलं तर म्हणाला, डोळ्यात पूड गेली. पूड उडवायचा हंगाम संपून महिना झाला होता, पण त्या दिवशी मी माझी जीभ आवरली.